संगणक मंद झाला म्हणून लगेच फॉरमॅट मारावा का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा मला समजला तो असा. गुहागरजवळच्या गावी आपले घर आहे, घरालगतच्या दोन खोल्या आपण पर्यटकांना देता, एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांचा हिशेब ज्या संगणकावर ठेवता त्याच संगणकावर मुलीचा अभ्यासही होतो. संगणक २०१८ मध्ये घेतलेला असून त्यात सातव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. तो सुरू होऊन हाताशी यायला आठ-दहा मिनिटे लागतात, ब्राउझर उघडला की बराच वेळ नुसते चक्र फिरत राहते, वीज जाऊन आली की काळ्या पडद्यावर डिस्क तपासण्याचा संदेश येतो, आणि हल्ली सकाळच्या वेळी काही संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगून उघडतच नाहीत. पुतण्या म्हणतो फॉरमॅट मारू, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवू, दुकानदार म्हणतात नवीन घ्या, आणि एका व्हिडिओत सुचवलेला ‘क्लीनर’ आपण उतरवून ठेवला आहे, परंतु तो चालवावा की नाही याविषयी आपल्याला शंका आहे.

तो चालवू नये, हे आधीच सांगतो. कारण पुढे येईलच. रत्नागिरी परिसरात गेली अठरा वर्षे मी घरगुती आणि लहान कार्यालयांतले संगणक दुरुस्त करतो, आणि या काळात माझी एक धारणा पक्की झाली आहे: मंद संगणक बहुतेक वेळा कशाची तरी वाट पाहत थांबलेला असतो, आणि तो कशासाठी थांबला आहे हे मोजून पाहिल्याशिवाय त्याला हात लावणे म्हणजे ताप न मोजता औषध देण्यासारखे आहे. आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले तपासणीच्या आधीचे आहेत. शिवाय आपल्या वर्णनात एक नव्हे तर तीन निरनिराळे दोष एकत्र मिसळले आहेत, असे मला दिसते. सुरू होण्यातला मंदपणा हा एक, विजेच्या खंडामुळे फाइलींच्या मांडणीत होणारी मोडतोड हा दुसरा, आणि सुरक्षित नसल्याची सूचना हा तिसरा. या तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी बहुधा काहीच संबंध नाही. दुरून सांगताना काही गोष्टी मला गृहीत धराव्या लागतील, विशेषतः हार्ड डिस्कची प्रकृती आणि विंडोजची प्रत अधिकृत आहे की नाही, आणि ही गृहीतके चुकली तर उत्तराचा क्रमही बदलेल.

कोणतीही दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी हिशेबाच्या फाइली, आरक्षणाची नोंद, छायाचित्रे आणि मुलीची कागदपत्रे यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी. ही सूचना सगळेच करतात आणि म्हणून ती कानाआड होते, तरी मी ती आग्रहाने करतो, कारण आपल्या वर्णनावरून आपली डिस्क संशयित आहे, आणि संशयित डिस्कवर दुरुस्तीची कामे चालवली की ती त्याच श्रमाने बंद पडू शकते. नक्कल कुठे ठेवावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे भिजलेल्या डिस्का आल्या. त्यांतल्या कित्येकांबरोबर त्यांचा बॅकअपही आला, तोही तितकाच भिजलेला, कारण बाहेरची डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवलेली होती. एक नक्कल दुसऱ्या घरात, नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी.

आता मोजणीकडे वळू. संगणक सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात; टास्क मॅनेजर उघडेल. तो आखूड चौकटीत उघडला तर खालच्या ‘मोर डिटेल्स’वर क्लिक करून ‘परफॉर्मन्स’ या पानावर जावे. तेथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख एकाखाली एक दिसतात. माझा अंदाज असा आहे की प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, मेमरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे असेल आणि डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांवर चिकटून बसलेला असेल. डिस्कवर क्लिक केले की खाली सरासरी प्रतिसादाचा काळ मिलिसेकंदांत दिसतो आणि वाचन-लेखनाचा वेगही दिसतो. डिस्क शंभर टक्के व्यग्र असूनही वेग सेकंदाला एक-दोन एमबी इतकाच असेल, तर संगणक डिस्कसाठी थांबला आहे, हे सिद्ध झाले असे समजावे.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचा खर्च करताना मनात शंका राहणार नाही. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात आणि वाचणारी सुई एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकत असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि सुई सरकण्यासाठी आणखी आठ-दहा मिलिसेकंद जातात. याचा अर्थ विखुरलेले लहान तुकडे वाचायचे असतील, तर अशी डिस्क सेकंदाला साधारण सत्तर-ऐंशी तुकड्यांपलीकडे जाऊ शकत नाही. सुरू होताना विंडोजला असे हजारो तुकडे हवे असतात, त्यातच अँटिव्हायरस, प्रिंटरचा कार्यक्रम आणि अद्यतनांची तपासणी आपापल्या मागण्या घेऊन रांगेत उभी राहतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारा भागच नसल्यामुळे तिला अशाच एका तुकड्यासाठी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ पुरतो. आपला प्रोसेसर अजूनही घरगुती कामाला पुरेसा आहे. तो फक्त बसून राहतो. म्हणूनच अशा यंत्रात मी पहिला खर्च एसएसडीवर करायला सांगतो, आणि विंडोजला २५६ जीबीची एसएसडी पुरते, ५१२ जीबीची असल्यास छायाचित्रांनाही जागा मिळते.

मात्र डिस्क मंद आहे की मरणपंथाला लागली आहे, यातला फरक आधी तपासावा लागेल. निरोगी हार्ड डिस्कचा प्रतिसादाचा काळ कामाच्या गर्दीत काही दहा मिलिसेकंदांपर्यंत जातो, पण तो फारसे काम नसतानाही शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल, किंवा केबिनेटमधून ठराविक अंतराने टकटक ऐकू येत असेल, तर धोका आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत कार्यक्रम डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब म्हणून बदललेले तुकडे) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ (वाचायला अडणारे तुकडे) या दोन ओळी विशेष पाहाव्यात. त्यांच्या शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा अंकचिन्हांच्या, पद्धतीत दिसतात, त्यामुळे ते दशमान समजून वाचू नयेत; पण तेथे सगळी शून्ये असतील तर निश्चिंत राहावे आणि शून्याव्यतिरिक्त काही असून ते आठवड्यागणिक वाढत असेल, तर नक्कल काढण्याखेरीज त्या डिस्कवर दुसरे कोणतेही काम करू नये.

रॅमचा, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीचा, प्रश्न याला जोडूनच येतो. विंडोज १० आणि पाच-सहा पाने उघडलेला ब्राउझर मिळून ४ जीबी सहज भरतात, आणि रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. पडवीत जागा उरली नाही म्हणून सामान माळ्यावर चढवायचे आणि दर वेळी शिडी लावून उतरवायचे, तसा हा व्यवहार आहे. माळा जर मंद हार्ड डिस्कचा असेल तर सारा वेळ शिडीवरच जातो. एसएसडी बसवल्यावर ही ये-जा पुष्कळ सुसह्य होते, म्हणून मी रॅमला दुसरा क्रमांक देतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅमच्या किती खाचांपैकी किती वापरात आहेत हे लिहिलेले असते. दोनपैकी एक रिकामी असेल तर तेथे त्याच जातीची, आपल्या बाबतीत बहुधा डीडीआर-४ ची, ४ किंवा ८ जीबीची पट्टी बसवता येईल. विकत घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून दुकानात न्यावी, म्हणजे चूक होत नाही. ‘सिस्टिम’च्या पानावर विंडोज ३२ बिट असल्याचे दिसले तर मात्र थांबावे, कारण ती ४ जीबीपलीकडची रॅम वापरतच नाही आणि तेथे नव्याने ६४ बिट विंडोज बसवणे भाग पडते.

खर्चाशिवाय आज संध्याकाळीच करता येतील अशाही काही गोष्टी आहेत. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर संगणकासोबत आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. त्यातले बैठकीचे, गाण्यांचे, खेळांचे आणि प्रिंटरच्या जाहिराती दाखवणारे कार्यक्रम तेथेच ‘डिसेबल’ करावेत. त्यामुळे ते पुसले जात नाहीत, फक्त न बोलावता येत नाहीत. टचपॅड, ध्वनी आणि ग्राफिक्स यांच्या चालकांना (ड्रायव्हर) हात लावू नये. अँटिव्हायरस एकच असावा. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच, आणि त्याच्या जोडीला दुकानातून आलेला एक आणि कुणीतरी मोफत म्हणून उतरवलेला दुसरा असे दोन बाहेरचे असतील, तर प्रत्येक फाइल उघडताना ती दोघांच्या हातून जाते. मुदत संपलेला अँटिव्हायरस तर तातडीने काढून टाकावा. सी ड्राइव्हवर निदान वीस जीबी जागा मोकळी राहील असे पाहावे, कारण जागा अपुरी असली की विंडोजचे अद्यतन अर्ध्यावर फसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरत असाल, तर हेच अपुऱ्या सिग्नलमुळेही घडते. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरण्याची सोय) चालू ठेवावे आणि महिन्यातून एकदा, जेथे चांगला वायफाय मिळेल तेथे, अद्यतने पूर्ण करून घ्यावीत.

आपण ‘रोज रात्री नीट बंद करतो’ असे लिहिले आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय आली आहे, जिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तर त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरच्या प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे, ते पाहा. रोज बंद करूनही तेथे चाळीस दिवस दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका. साचलेले दोषही त्या अवस्थेबरोबर जपले जातात. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे. प्रिंटर दिसेनासा होणे, आवाज जाणे, यूएसबी न ओळखणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी फोनवर आधी एवढेच करायला सांगतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना माझ्याकडे यावे लागत नाही.

उतरवून ठेवलेल्या क्लीनरविषयी. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे तिच्या मांडण्यांच्या नोंदवहीत, लाखो नोंदी असतात. त्यातल्या काही शे निरुपयोगी नोंदी पुसल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, उलट चुकीची नोंद पुसली गेली तर चांगला चालणारा कार्यक्रम बंद पडतो. रॅम मोकळी करून देण्याचा दावा करणारे कार्यक्रम तर रॅममधली लागणारी माहितीच बाहेर फेकतात, आणि ती पुन्हा त्याच मंद डिस्कवरून वाचावी लागते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ अशा चौकटी येत असतील, तर तो बहुधा व्हायरस नसून कुठल्यातरी संकेतस्थळाला आपण नकळत ‘अलाऊ’ म्हटल्याचा परिणाम असतो. ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘नोटिफिकेशन’च्या यादीतून अनोळखी नावे काढली की त्या बंद होतात. त्या चौकटीतल्या क्रमांकावर फोन करू नये आणि फोनवरच्या कुणाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप कधीही बसवू नये. आपले बँकेचे व्यवहार याच यंत्रावर होत असतील, तर ही गोष्ट वेगापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची आहे.

आता सुरक्षित नसल्याची सूचना. ती आल्यावर कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागची असेल, तर निदान झाले. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते, आणि आपला संगणक स्वतःला २०१७ मध्ये समजत असेल तर आजचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. संगणकाचा मुख्य पुरवठा बंद असताना वेळ सांभाळण्याचे काम मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल करतो, आणि २०१८ चा सेल आता संपलेला असणे स्वाभाविक आहे. आपण रात्री भिंतीवरचे बटणही बंद करत असाल, तर तो अधिकच लवकर संपतो. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, पण तत्काळ घेईलच असे नाही, म्हणून सकाळी तक्रार असते आणि दुपारी नसते. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. तो बदलण्यापूर्वी बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडण्यांच्या, प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण सेल काढल्यावर त्या मांडण्या मूळ स्थितीत जातात, आणि साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत बदलली गेली तर विंडोज सुरूच होत नाही. मग लोक घाबरून फॉरमॅट मारतात, जेव्हा एक मांडणी पूर्ववत करणे पुरेसे असते.

विजेबद्दल मला थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या किनारपट्टीवर सॉफ्टवेअरच्या म्हणून आलेल्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा भिंतीतल्या सॉकेटमध्ये सापडते. विंडोज लिहीत असताना वीज गेली की फाइलींची मांडणी अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी ती डिस्क तपासायला घेते; हाच आपल्याला दिसणारा काळा पडदा. डिस्क निरोगी असेल तर ही तपासणी कळ दाबून टाळू नये. अद्यतन चालू असताना वीज गेल्यास विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडतात. त्यासाठी स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही आज्ञा द्यावी. अक्षरे इंग्रजी लिपीत, दोन शब्दांमध्ये एक जागा आणि स्कॅननाउच्या आधी पुढे झुकलेली तिरपी रेघ. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे तिने सांगितले, तर डीआयएसएम ही दुसरी आज्ञा चालवून, म्हणजे तिच्याकडून मूळ साठा इंटरनेटवरून दुरुस्त करवून, पहिली पुन्हा द्यावी लागते. तेवढ्यासाठी पुतण्याला बोलवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, त्यानंतर वीज येत-जात राहण्याच्या दिवसांत मी या दोन आज्ञांनी जितके संगणक उठवले तितके एरवी वर्षभरात उठवले नसतील.

परंतु दर वेळी दुरुस्ती करण्यापेक्षा वीज गेल्यावर काही मिनिटे पुरवठा देणारा एक लहान यूपीएस घ्यावा. दहा मिनिटे मिळाली तरी संगणक शिस्तीने बंद करता येतो. आपल्याकडे यूपीएस असूनही वीज जाताच संगणक बंद होत असेल, तर आतली १२ व्होल्टची बॅटरी संपली आहे, ती दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरील खटका ‘यूपीएस’ बाजूला आहे का ते पाहावे, नाहीतर पुरवठा बदलण्याच्या क्षणी संगणक बंद पडतो. केबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब (व्होल्टेज) मोजून घ्यावा. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की संगणकाचा प्लग उपसून ठेवावा, आणि इंटरनेटच्या यंत्राकडून तांब्याची केबल येत असेल तर तीही काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

खारी हवा हा आपला आणखी एक खास शत्रू आहे. मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणून आत बसलेली तांबडी धूळ आणि मीठ मिळून ओलसर थर तयार होतो, रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात, आणि मग मधूनच विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा येतो किंवा सुरू करताना नुसता आवाज होऊन पडदा रिकामा राहतो. प्लग काढून, हात आधी केबिनेटच्या धातूला लावून, पट्टी बाहेर घ्यावी आणि तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून बसवावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. पंख्यात धूळ घट्ट बसली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असताना वेग मूळ वेगापेक्षा पुष्कळ खाली दिसला, तर हे कारण समजावे. पावसाळ्यात संगणक प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून महिनोन्‌महिने बंद ठेवण्याची पद्धत आहे, ती मला घातक वाटते. आत ओल कोंडून राहते. रोज अर्धा तास चालू राहिलेले यंत्र आपल्याच उष्णतेने कोरडे राहते. समुद्राकडच्या खिडकीपासून मात्र ते दूर असावे.

एवढे सगळे झाल्यावरच फॉरमॅटचा विचार करावा. फॉरमॅटने वेग येतो हे खोटे नाही. साचलेले कार्यक्रम जातात म्हणून तो काही महिने येतो. पण डिस्क तीच राहिली तर तिची सुई काही अधिक वेगाने सरकत नाही, आणि गेलेल्या गोष्टी मात्र परत येत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मी एका देवस्थानाच्या मंडळींचा संगणक फॉरमॅट करून दिला. सर्व फाइली काळजीपूर्वक उतरवून पुन्हा ठेवल्या होत्या, तरी वीस वर्षांचे इतिवृत्त उघडल्यावर पानोपानी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसू लागली, कारण तो मजकूर युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीच्या, आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो फॉन्ट विंडोजसोबत पुसला गेला होता. फॉन्ट दुसरीकडून मिळेपर्यंत मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी कोणत्याही संगणकाला हात लावण्यापूर्वी विंडोजच्या आतला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर पूर्ण उतरवून घेतो. आपल्याकडेही शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमधली जुनी बिले असतील, तर हे विसरू नये. डेस्कटॉपवरील फाइली सी ड्राइव्हवरच असतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तेथेच असतात, आणि हिशेबाच्या कार्यक्रमाचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये जातो हे त्या कार्यक्रमातच पाहून नोंदवावे लागते.

म्हणून मी आपल्या जागी असतो तर जुनी डिस्क न पुसता बाजूला काढली असती, नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने बसवली असती, आणि सर्व काही मिळाले याची महिनाभर खात्री झाल्यावर, जुनी डिस्क निरोगी असल्यास, तिचा साठवणीसाठी उपयोग केला असता. अधिकृत विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्यावर तो इंटरनेट मिळताच सहसा आपोआप लागू होतो. प्रत अनधिकृत असेल आणि तिला चालू ठेवण्यासाठी एखादा ‘ॲक्टिव्हेटर’ बसवलेला असेल, तर डिफेंडर बंद का पडतो आणि अनोळखी कार्यक्रम कुठून येतात, याचे उत्तर तेथेच शोधावे; अशा यंत्रावर बँकेचे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानदारांच्या सल्ल्यातही एक खरा मुद्दा आहे, तो मी डावलत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, आणि सातव्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. इंटेलमध्ये ती यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. तेव्हा एसएसडी आणि रॅम यांचा खर्च करताना हा संगणक बँकेसाठी किती काळ वापरायचा, हे ठरवावे लागेल. आपला वापर ब्राउझर, पत्रके आणि मुलीचा अभ्यास एवढाच असेल तर लिनक्स मिंट हा विंडोजऐवजी बसवायचा मोफत आणि अद्ययावत राहणारा पर्याय या यंत्रावर नीट चालतो. मात्र हिशेबाचा कार्यक्रम केवळ विंडोजसाठीचा असेल किंवा आपण डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल, तर तो मार्ग आपल्याला अडचणीचा जाईल. दोन वर्षांनी नवा संगणक घ्यावा लागला तरी आज घेतलेली साटा एसएसडी त्यात साठवणीसाठी वापरता येते, म्हणून तो खर्च वाया जात नाही.

पुढचे नेमके सांगण्यासाठी मला चार गोष्टी हव्या आहेत. संगणक सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला डिस्कची टक्केवारी आणि प्रतिसादाचा काळ, काहीही न उघडता वापरात असलेली मेमरी, क्रिस्टलडिस्कइन्फोने दाखवलेला रंग, आणि रात्रभर भिंतीवरचे बटण बंद ठेवल्यानंतर सकाळी दिसलेली तारीख. रंग पिवळा किंवा लाल असेल, तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता संगणक बंद ठेवावा, चालू करायचा तो केवळ नक्कल काढण्यासाठी, आणि नक्कल काढताना हिशेबाच्या आणि फॉन्टच्या फाइली सर्वांत आधी घ्याव्यात, छायाचित्रे त्यानंतर.